संपू न दिलेला खेळ

रात्रीचे अकरा वाजले की आमचा कट्टा भरतो. एक जण पुण्यात, एक नाशकात, एक दुबईत आणि मी लोकलमधून उतरून नुकताच घरी पोचलेला. बारावीपर्यंत आम्ही चौघं एकाच वर्गात होतो. आता भेटतो ते मोबाईलवरच्या एका गेममध्ये, कानात इअरफोन खुपसून. मध्यंतरी त्या गेमचा मोठा अपडेट आला. नाशिकवाल्याचं डाउनलोड संपेपर्यंत आम्ही थांबलो. तो आत आला आणि त्याने विचारलं, "काय नवीन आलंय रे?"

दुबईवाला म्हणाला, "दुकान."

आम्ही हसलो, पण उत्तर बरोबर होतं. नकाशा तोच होता, बंदुका त्याच होत्या. गोळी लागूनही न लागल्यासारखी जायची, तो जुना घोळही तसाच होता. लॉबीत मात्र नवे लाल ठिपके आले होते आणि प्रत्येक ठिपक्यामागे काहीतरी विकायला मांडलेलं होतं. मॅच सुरू करायच्या बटणापर्यंत पोचायला आधी चार जाहिराती बंद कराव्या लागल्या.

या गेमचं नाव मी घेत नाही. त्याजागी तुम्ही तुमच्या गेमचं नाव घालून वाचलंत तरी फारसा फरक पडणार नाही, आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

अशी तक्रार केली की एक ठरलेलं उत्तर मिळतं : "फुकट खेळता, वर कुरकुर कसली?" उत्तर बिनतोड वाटतं, पण त्यात एक गफलत आहे. कंपनीला पैसे मोजणारे खेळाडू थोडे असतात. बाकीचे पैसे देत नाहीत, पण ते हजर असतात. शंभर जणांच्या मॅचमध्ये सोनेरी बंदूक घेऊन उतरलेल्याला ती बघायला, तिच्यावर जळायला आणि तिने मरायला नव्व्याण्णव जण लागतात. म्हणजे फुकट खेळणारा नुसता पाहुणा नसतो. तो त्या गेममधला माल असतो. लग्नाच्या वरातीत फुकट नाचणाऱ्यांमुळेच तर वरात होते! तेव्हा त्याची कुरकुर कृतघ्नपणाची म्हणून झटकून टाकता येत नाही. मला ती समीक्षा वाटते. शिवराळ, अशुद्ध आणि बऱ्याचदा अन्याय्य, पण समीक्षाच.

मग या समीक्षेचं म्हणणं काय आहे? "महाग आहे" एवढंच नाही. महाग गोष्टी आपण आनंदाने घेतो. २००६ साली बेथेस्डाने 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा लोक खवळले. आज तो किस्सा विनोद म्हणून सांगतात, कारण आजच्या भावांपुढे अडीच डॉलर काहीच नाहीत. पण तेव्हाच्या लोकांना एक गोष्ट बरोबर जाणवली होती. गोष्ट ज्या जगात घडते त्याच जगात आता गल्ला मांडला होता, आणि गल्ला एकदा आत आला की जग त्याच्या सोयीने रचलं जातं.

बॅटल पास घ्या. 'डोटा २'ने २०१३ साली स्पर्धेच्या निमित्ताने त्याचं सुरुवातीचं रूप आणलं आणि पुढे 'फोर्टनाइट'ने ते जगभर पोचवलं. वरवर पाहता व्यवहार स्वच्छ आहे : ठरावीक रक्कम भरा, खेळत राहा, पायरीपायरीने बक्षिसं मिळवा. जुगार नाही, नशीब नाही. पण त्याची मुदत संपते. म्हणजे तुम्ही वस्तू विकत घेत नाही, तर ती कमावण्याची मुभा विकत घेता, आणि मग ती मुभा वाया जाऊ नये म्हणून रोज हजेरी लावता. "आज खेळावंसं वाटतंय" याच्या जागी "आजचं मिशन राहिलंय" येतं. पैसे देऊन आपण स्वतःवर गृहपाठ लादून घेतो. मेसचं महिन्याचं कार्ड भरलंय म्हणून भूक नसताना जेवायला जावं, तसं.

किंवा गेममधलं चलन बघा. हवी ती वस्तू आणि विकत मिळणारी नाण्यांची थैली यांचा हिशोब सहसा जुळत नाही. थोडी नाणी उरतातच. किराणा दुकानात "सुटे नाहीत, चॉकलेट घ्या" म्हणतात ना, तसंच हे. फरक एवढाच की चॉकलेट निदान खाता येतं. उरलेली नाणी पाकिटात पडून राहतात आणि पुढची थैली घ्यायला खुणावतात.

इथपर्यंतची तक्रार दुकानदारीची झाली. खेळाडूंचा खरा राग त्याच्या पुढे सुरू होतो, आणि तो समजून घ्यायला 'ओव्हरवॉच'चं उदाहरण घेतो.

ब्लिझर्डचा हा गेम २०१६च्या मे महिन्यात आला. तो विकत घ्यावा लागत असे. एकदा घेतला की सगळी पात्रं तुमची आणि नंतर येणारीही तुमचीच. नटण्याच्या वस्तू लूटबॉक्समधून मिळत. त्यावर टीका झाली, पण खेळताना ते बॉक्स मिळतही असत. २०१९ साली 'ओव्हरवॉच २' जाहीर झाला. त्याचं मुख्य आकर्षण होतं कथा : एकमेकांशी लढायच्या ऐवजी एकत्र मिळून खेळायच्या मोहिमा आणि पात्रांच्या वाढत जाणाऱ्या शक्ती. त्या आशेवर खेळाडूंनी नव्या मजकुराची उपासमार सोसली. ऑक्टोबर २०२२मध्ये दुसरा भाग फुकट आला आणि त्याच वेळी पहिल्या भागाचे सर्व्हर बंद झाले. विकत घेतलेला गेम उरला नाही. नव्याची बरोबरी करायला जुनं शिल्लक ठेवलं नाही. किरिको ही नवी नायिका बॅटल पास विकत न घेणाऱ्या नव्या खेळाडूसाठी पंचावन्नाव्या पायरीवर होती. या गेममध्ये समोरच्याची चाल बघून पात्र बदलणं हाच डावपेचांचा गाभा. म्हणजे पात्र कुलपात ठेवणं हे टोपी-कपडे विकण्यासारखं नव्हतं. बुद्धिबळात घोडा वेगळा विकण्यासारखं होतं.

पुढे मे २०२३मध्ये कळलं की ज्या कथेसाठी दुसरा भाग हवा होता, तिचा मोठा भाग रद्द झाला आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गेम स्टीमवर आला आणि उरलेल्या तीन मोहिमा पैसे घेऊन विकायला ठेवल्या गेल्या. स्टीमवर मत नोंदवायची सोय होती. खेळाडूंनी ती इतकी वापरली की गेम तिथल्या सर्वांत वाईट शेऱ्यावर जाऊन आदळला.

तटस्थपणे पाहिलं तर त्या दिवशीही 'ओव्हरवॉच' वाईट गेम नव्हता. बंदुकीचा हाताला जाणवणारा ताल, पात्रांचे आवाज, नकाशांची रचना यात तो अनेकांच्या पुढे होता. वाईट शेरा गेमला नव्हताच. तो मोडलेल्या शब्दाला होता. खेळाडू सांगत होते, आम्ही वस्तूचे नाही, वचनाचे ग्राहक होतो.

'डेस्टिनी २'ची गोष्ट याहून विचित्र आहे. २०१७ साली लोकांनी तो विकत घेतला आणि त्यातली 'रेड वॉर' ही कथा खेळली. नोव्हेंबर २०२०मध्ये कंपनीने ती कथा, नंतरच्या दोन कथा आणि काही ग्रह गेममधून काढून टाकले. गेम फार अवजड झालाय, सांभाळणं अवघड झालंय, हे कारण खोटं नव्हतं. पण कपाटात जागा नाही म्हणून प्रकाशकाने घरी येऊन तुमच्या कादंबरीची पहिली दोनशे पानं फाडून न्यावीत, असं ते झालं. नव्या माणसाने आज गेम सुरू केला तर त्याला ती सुरुवात खेळायला मिळत नाही. ज्या कलाप्रकाराला स्वतःचा भूतकाळ जपता येत नाही, त्याची समीक्षा तरी कशी करायची? माझ्याकडे पुरावा म्हणून उरतात ती लोकांनी रेकॉर्ड केलेली व्हिडिओ चित्रणं. नाटकाचा प्रयोग हातातून निसटतो, पण संहिता तरी मागे राहते. इथे तीही राहत नाही.

आणि नशिबाचा व्यापार? जत्रेत रिंग फेकायचा खेळ असतो. रिंग साबणावर पडते, घड्याळावर पडत नाही. आपल्याला ते ठाऊक असतं, तरी आपण दहा रुपये देतो, कारण हरण्यातही गंमत असते आणि रिंग निदान डोळ्यांसमोर असते. लूटबॉक्समध्ये रिंग दिसत नाही. दक्षिण कोरियात 'मेपलस्टोरी' या गेममध्ये पात्राची शक्ती बदलणारी 'क्यूब' नावाची वस्तू विकली जाई. हव्या त्या गुणांची शक्यता गुपचूप कमी केली आणि खेळाडूंना सांगितलं नाही, म्हणून तिथल्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२४मध्ये नेक्सॉन कंपनीला ११६० कोटी वॉनचा दंड ठोठावला. काही गुणांच्या जोड्या तर निघणं शक्यच नव्हतं. म्हणजे घड्याळ रिंगेपेक्षा मोठं होतं. त्याच वर्षीच्या मार्चपासून तिथे शक्यतेचे आकडे जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. बेल्जियमच्या आयोगाने २०१८मध्येच काही गेममधल्या विकतच्या लूटबॉक्सना जुगार ठरवलं होतं. आपल्याकडे २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आणली. पण पैसे लावून चित्रातली बंदूक जिंकायची, याची चर्चा आपल्याकडे अजून नीट सुरूही झालेली नाही.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती भडास होईल. सर्व्हर फुकट चालत नाहीत. प्रोग्रामर, चित्रकार, संगीतकार पगारावर काम करतात. आणि 'फुकट' या शब्दाने आपल्याकडे एक दार खरोखर उघडलं. कन्सोल आणि चाळीस डॉलरचा गेम ही तालुक्याच्या गावातल्या पोराची गोष्ट कधीच नव्हती. स्वस्त मोबाईल, स्वस्त डेटा आणि फुकट गेम हे एकत्र आले तेव्हा तो पहिल्यांदा त्याच मैदानात उतरला, जिथे सोलचा पोरगा उतरत होता. त्या दारावर तिकीट लावा, असं मी म्हणणार नाही.

आपलाही दोष आहे. दर आठवड्याला नवीन काही हवं, ही मागणी आपलीच. रोज अर्धा तास दाखवायचा म्हटल्यावर टीव्हीवरच्या मालिकेचं काय होतं, हे आपण आपल्या आयांच्या शेजारी बसून पाहिलंय. मंगळसूत्र हरवतं, सापडतं, पुन्हा हरवतं. कथा पुढे जात नाही, फक्त साड्या बदलतात. आपण त्या मालिकांना हसलो आणि स्वतः मात्र असा गेम धरून बसलो, जिथे कथा पुढे जात नाही, फक्त स्किन बदलतात. दोन्हीकडे आजार एकच आहे. ज्या गोष्टीला संपायची परवानगी नाही, तिला सांगण्यासारखंही काही उरत नाही.

मग सोडून का देत नाही?

इथे मला माझ्याच कट्ट्यावर यावं लागतं. आमच्यातल्या एकाने मागे घरभाड्याच्या आठवड्यात माझ्याकडे चार हजार मागितले. मी दिले. नंतर एका रात्री लॉबीत त्याच्या हातात नवी बंदूक दिसली, निळ्या ज्वाळांची. कोणी काही बोललं नाही. मॅच संपल्यावर बाकीचे दोघं गेले आणि तो म्हणाला, "शेवटचा दिवस होता रे. परत येणार नव्हती." मग थोडं थांबून, "सगळ्यांकडे काहीतरी आहे. मला वाटलं, मी आपला असाच दिसतो."

पाच हजार गेले असते तरी मला चाललं असतं, पण ते वाक्य लागलं. ज्याला मी शाळेच्या फाटक्या दप्तरापासून ओळखतो, त्याला माझ्यासमोर "असाच" दिसायची लाज वाटली होती. आम्हाला तो गेम आवडतो म्हणून आम्ही तिथे जात नाही. आम्ही तिथे आहोत म्हणून जातो. हे त्या दुकानाला नीट कळलेलं आहे. ते आम्हाला बंदूक विकत नाही. आमच्याच मैत्रीतली जागा ते आम्हाला भाड्याने देतं.

म्हणून मला वाटतं, खेळाडूंच्या रागातला सर्वांत खरा भाग पैशांबद्दलचा नाहीच. तो लाजेतून आलेला आहे. आपल्याला जिथे सहज असता यायला हवं होतं, तिथे किंमतपट्टी लावली गेली, याचा तो राग आहे. तो निष्फळही नाही. 'ओव्हरवॉच'ने एप्रिल २०२४मध्ये सगळी पात्रं सगळ्यांना मोकळी केली, ती काही मनाच्या मोठेपणाने केली नसणार. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी केली, त्यात खोटी घाई लावणं आणि सतत खनपटीला बसणं या दोन्ही आहेत. "शेवटचा दिवस" असं लिहिलेलं घड्याळ पुढच्या वेळी दिसलं की एवढं तरी आठवावं.

२ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाईलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातलं खेळणं पूर्ण थांबलं. स्किन, पदव्या, पातळ्या सगळं एका रात्रीत हाताबाहेर गेलं. पुढच्या वर्षी नव्या नावाने गेम परतला आणि बऱ्याच जणांना जुनं खातं जोडून घेता आलं, पण मधल्या महिन्यांत काय उरलं होतं? तेव्हाच्या कुठल्याही खेळाडूला विचारा. तो स्किनचं नाव सांगणार नाही. तो सांगेल, "आम्ही दोघंच उरलो होतो, गोळ्या संपल्या होत्या, आणि हा गाढव म्हणाला, मी बाहेर पळतो, तू मार."

चार हजार अजून परत आलेले नाहीत. मी मागितलेही नाहीत. परवा रात्री त्याने ती निळी बंदूक काढून साधी करडी घेतली होती. कुणी विचारलं नाही. फक्त दुबईवाला म्हणाला, "चल, उतर आता."

आणि आम्ही उतरलो.