रिखार्डिसचं घराणं आणि हिल्डेगार्डचा मठ

मागच्या व्याख्यानात आपण बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या जर्मन साध्वीच्या दृष्टान्तांविषयी बोललो. ‘स्किव्हियास’ हा तिचा पहिला मोठा ग्रंथ. तो लिहिताना मदतीला असलेल्या एका उमरावकन्येचा मी ओझरता उल्लेख केला होता. तिचं पुढे काय झालं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून आज तिच्याविषयी, म्हणजे रिखार्डिस फॉन श्टाडे हिच्याविषयी बोलू.

ही गोष्ट सहसा अशी सांगतात : गुरूचा शिष्येवर फार जीव होता, महत्त्वाकांक्षी घरच्यांनी तिला ओढून नेलं, आणि वर्षभरातच ती गेली. मार्गारेठं फॉन ट्रोटा यांचा ‘व्हिजन’ हा 2009 सालचा चित्रपटही या जिव्हाळ्याला मध्यभागी ठेवतो. मी स्वतः वर्गात कित्येक वर्षं हीच गोष्ट सांगितली. आता वाटतं, ती अर्धीच आहे. कारण ती सगळी हिल्डेगार्डच्या बाजूने सांगितलेली आहे.

आधी घराणं बघू. श्टाडेचे हे लोक उत्तर जर्मनीतले मार्गरेव्ह, म्हणजे साम्राज्याची सरहद्द सांभाळणारे सरदार. रिखार्डिसच्या आईचंही नाव रिखार्डिसच. ती माहेरची श्पॉनहाइम घराण्यातली. आणि लहानग्या हिल्डेगार्डला जिने वाढवलं, शिकवलं, ती युट्टाही श्पॉनहाइमचीच. म्हणजे ही मुलगी हिल्डेगार्डच्या मठात काही वाट चुकून आली नव्हती, नात्यागोत्याच्या वाटेनेच आली होती. पुढे हिल्डेगार्डला डिझिबोडेनबर्ग सोडून बिंगेनजवळ रुपर्ट्सबर्गला स्वतःचा मठ काढायचा होता, तेव्हा तिथल्या मठप्रमुखाचा विरोध होता. त्या वेळी मायंझच्या आर्चबिशपकडे शब्द टाकला तो या आईनेच. 1150 मध्ये स्थलांतर झालं. घराण्याचं वजन तेव्हा उपयोगी पडलं, आणि तेव्हा हिल्डेगार्डला त्यात काही वावगं दिसलं नाही. हे लक्षात ठेवा.

आता घराण्याची अवस्था पाहा. एक भाऊ, उडो, 1130 मध्ये मारला गेला. दुसरा, रुडॉल्फ, 1144 मध्ये डिटमार्शनच्या शेतकऱ्यांनी मारला. उरला हार्टविग, पण तो धर्मसेवेत, म्हणजे वंश पुढे चालणार नाही. वारशावर डोळा सॅक्सनीच्या ड्यूक हेन्रीचा, ज्याला इतिहास ‘सिंह’ म्हणतो. हार्टविग 1148 मध्ये ब्रेमेनचा आर्चबिशप झाला. 1151 मध्ये रिखार्डिसची बासुमच्या मठाची प्रमुख म्हणून निवड झाली. हा मठ ब्रेमेनच्याच टापूतला. त्याच सुमारास तिची भाची आडेलहाइड, तीही रुपर्ट्सबर्गचीच, गांडर्सहाइमची प्रमुख व्हायला निघाली. माझं वाचन असं की, ज्यांच्या हातून जमीन निसटत होती, त्यांना धर्मपदं हाच आधार उरला होता. याला महत्त्वाकांक्षा म्हणा हवं तर. बुडत्याची धडपडही म्हणता येईल.

हिल्डेगार्डने विरोध केला, आणि साधासुधा नाही. मुलीच्या आईला पत्र, हार्टविगला पत्र, पार पोप तिसरे युजीन यांच्यापर्यंत पत्र. मायंझच्या आर्चबिशपांनी रिखार्डिसला सोडण्याचा हुकूम दिला. तोही तिने मानला नाही. या पत्रांवर माझा आक्षेप तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचा आहे. हिला जाऊ देऊ नये असं मला वाटतं, असं म्हणणं वेगळं. हिने जावं ही देवाची इच्छाच नाही, असं म्हणणं वेगळं. पहिल्या विधानाला उत्तर देता येतं. दुसऱ्याला द्यायचं कुणी? पोपनी मात्र व्यवहारी उत्तर दिलं : बासुममध्ये नियम नीट पाळला जातो का ते मायंझने बघावं, पाळला जात नसेल तर तिला परत पाठवावं.

आणि इथे टेंक्सविंडची आठवण होते. आंडरनाखच्या या मठप्रमुख बाईने साधारण याच काळात हिल्डेगार्डला विचारलं होतं, तुम्ही फक्त उमरावांच्याच मुली का घेता? ख्रिस्ताने तर कोळी निवडले होते! हिल्डेगार्डचं उत्तर असं की निरनिराळी जनावरं कुणी एका गोठ्यात कोंडत नाही. उच्चनीच ही देवाचीच रचना. ठीक. पण कुळ बघून दार उघडायचं, कुळाची मदत घ्यायची, आणि त्याच कुळाने मुलगी मागितली की कुळाभिमान हे पाप ठरवायचं? दार आत येताना उघडतं तसं बाहेर जातानाही उघडणारच.

बरं, खुद्द रिखार्डिसला काय हवं होतं? तिच्या हातचं एकही पत्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. पण पुढे आठवणी सांगताना हिल्डेगार्डनेच म्हटलंय की मोठ्या कुळामुळे तिला मोठ्या पदाची ओढ लागली. म्हणजे मुलीची स्वतःची इच्छा होती, हे गुरूला माहीत होतं; फक्त ती इच्छा तिची न मानता कुळाच्या खात्यावर टाकली. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या ग्रंथासाठी राबलेल्या बाईला स्वतःचा मठ चालवावासा वाटला, तर त्यात कुळ कशाला हवं?

माझी एक विद्यार्थिनी प्रबंध अर्धा टाकून दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. घरच्यांनी दबाव आणला, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. तिला एकदाही विचारलं नाही. म्हणून हे जरा जास्त कळतं.

तरीही हिल्डेगार्डचं मोठेपण एका पत्रात आहे. रिखार्डिस गेल्यावर थेट तिला लिहिलेलं. तिथे देवाच्या नावाने हुकूम नाही. आहे तो टाहो, आणि कबुली : एका माणसावर असा भार टाकायला नको होता, चूक माझी झाली. बाकी पत्रांत ती जिंकायला बघते, इथे खरं बोलते.

29 ऑक्टोबर 1152 ला रिखार्डिस वारली. बातमी कळवली हार्टविगने. ती रडत होती, तुमच्या मठाची ओढ तिला लागली होती, असं त्याने लिहिलं. ज्याला हिल्डेगार्डने दोषी धरलं, त्या भावानेच हे लपवलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत त्याची आणखी एक बहीण, लुइटगार्ड, नवऱ्यासह मारली गेली होती. हिल्डेगार्डने उत्तरात राग सोडून दिला. पण लिहिलं असं की, देवाने आपली वधू जगाच्या हाती लागू दिली नाही.

मला हे वाक्य अजून खटकतं. बासुम म्हणजे ‘जग’ नव्हतं, तोही मठच होता. रिखार्डिस पद घ्यायला गेली हे खरं, आणि जुन्या घरासाठी रडली हेही खरं. सासरी रमलेली बाई माहेरासाठी रडते, तेव्हा आपण तिचं लग्न चुकलं असं म्हणत नाही. दोन्ही गोष्टी तिच्याच होत्या, एवढं तरी आपण तिला देऊ या.

पुढच्या वेळी टेंक्सविंडचं पत्र सविस्तर घेऊ.