लिंगोचे गाणे, हायवाथाची चाल

आपल्या चळवळीत अमेरिकेचे नाव निघाले की दोन दाखले हमखास दिले जातात. एक, महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. दुसरा, १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिकडच्या काळ्या बांधवांकडून घेतले. दोन्ही दाखले खरे आहेत, अभिमानाचे आहेत. पण गुलामाला मुक्त करण्याआधी त्याला तिथे आणले कोणी, आणि ज्या जमिनीवर आणले ती जमीन कोणाची होती, हा प्रश्न आपण विचारत नाही. तो मला माझ्या वर्गात विचारला गेला, म्हणून हे टिपण.

मी या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील कागद कारखान्याच्या कंत्राटदाराकडे बांबू तोडत. अशा माणसाने लाँगफेलोचे 'हायवाथा' हे १८५५ सालचे काव्य शिकवावे, आणि समोर एटापल्लीकडचा माडिया मुलगा बसलेला असावा, ही गोष्ट तशी साधी नाही. रेड इंडियन वीर हायवाथा शेवटी काळ्या झग्यातल्या पाद्र्याचे स्वागत करतो, आपल्या लोकांना त्याचे ऐका म्हणतो आणि होडीत बसून मावळतीकडे निघून जातो. त्या मुलाने विचारले, "सर, पाद्री आल्यावर हा का निघून जातो?" छापील टीपेत उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते.

उत्तर शोधायला दोनशे वर्षे मागे जावे लागते. न्यू इंग्लंडमधली मॅसॅच्युसेट्स बे ही वसाहत मुळात सनद मिळालेली व्यापारी कंपनी होती. १६२९ साली तिने जी मोहोर केली तिच्यावर एक उघडा इंडियन उभा आहे आणि त्याच्या तोंडून शब्द निघत आहेत : इकडे या आणि आम्हाला मदत करा. बोलावणे येणाऱ्यांनीच लिहिले आणि ज्याच्या घरी जायचे त्याच्या तोंडी घातले! १६३१ पासून तिथे मताचा अधिकार फक्त चर्चच्या सभासदाला होता. म्हणजे देव, सरकार आणि कंपनी एकाच बाकावर बसलेली. जमिनीचा युक्तिवाद गव्हर्नर विन्थ्रॉपने केला : इंडियनांनी जमिनीला कुंपण घातले नाही, ढोरे पाळून ती सुधारली नाही, म्हणून त्यांना पुरेल एवढी त्यांच्याकडे राहू द्यावी, बाकीची मोकळी. दक्षिणेकडे व्हर्जिनियात धर्माचा जोर कमी, तंबाखूचा जास्त. तिथे १६१९ या एकाच वर्षी वसाहतीची पहिली प्रतिनिधिसभा भरली आणि आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे पहिल्यांदा विकली गेली. लोकशाहीचे गोडवे गाताना हे एक वर्ष तरी पोरांना पाठ करायला लावावे.

रॉजर विल्यम्स नावाचा एक पाद्री मात्र उठून म्हणाला की जी जमीन इंडियनांची आहे ती राजा सनदेने देणार कशी? १६३५ साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याच्यावरचा हा एकच आरोप नव्हता, पण हाही होता.

आता आपल्या चांद्याकडे या. गोंड राजांचा चांदा १७५१ मध्ये भोसल्यांनी घेतला, १८५४ मध्ये तो इंग्रजांनी खालसा केला, आणि १८५८ च्या २१ ऑक्टोबरला बाबुराव शेडमाके चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. मग जमाबंदी आली. मालगुजाराच्या गावाला लागवडीच्या हिशेबाने काही पडीक ठेवायची आणि त्यापलीकडची 'जादा पडीक' सरकारची धरायची, असा नियम झाला. विन्थ्रॉपचा युक्तिवाद सव्वादोनशे वर्षांनी बोटीतून उतरून वैनगंगेच्या काठी आला, असेच मला वाटते. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी त्यावर शिक्का मारला. फरक एक होता आणि तो लपवू नये. इथे गोरा माणूस नांगर घेऊन वस्तीला आला नाही. त्याला जमीन मोकळी करून नको होती. सागवान हवे होते, रेल्वेचे स्लीपर हवे होते, आणि ते तोडायला आपण हवे होतो. म्हणून आपण उरलो.

याच वर्षांत लिंगोचे गाणे छापले गेले, आणि इथून माझा खरा विषय सुरू होतो. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री १८४५ पासून नागपुरात होता. तो शाळा चालवी, धर्म सांगे, दगड आणि जीवाश्म गोळा करी, आणि गोंडी भाषाही टिपून घेई. १८६३ साली तो नाल्याच्या पुरात बुडून मेला. त्याचे कागद मध्यप्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याने १८६६ साली संपादून छापले. त्यात प्रधानाच्या तोंडून उतरवलेले लिंगोचे गाणे आहे. गोंडी शब्द रोमन लिपीत, सोबत शब्दाला शब्द इंग्रजी. मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : मेलेल्या पाद्र्याचे आणि जिवंत कमिशनरचे. गाणाऱ्या प्रधानाचे नाव तिथे नाही.

गाणे मात्र कमिशनरच्या मुठीत मावणारे नाही. महादेव गोंडांना गुहेत कोंडतो, तोंडाशी शिळा लावतो. लिंगो ती शिळा हटवून त्यांना बाहेर काढतो, त्यांची कुळे लावून देतो. त्याआधी तो आपल्या भावांसाठी राक्षसाच्या घरून विस्तव आणायला जातो, झाडावर बसून वाद्य वाजवतो आणि म्हातारा राक्षस नाचू लागतो. भाऊ जंगल तोडून शेत करतात, धान पेरतात, नीलगाई ते खाऊन जातात. पुढे हेच भाऊ लिंगोला मारतात, आणि तो पुन्हा उठतो. ज्याने सोडवायचे त्याला आपल्याच माणसांनी मारावे, हे सत्य कुठल्याही पाद्र्याने शिकवलेले नाही. ते प्रधानाच्या किंगरीतून आलेले आहे. आणि कोंडणारा महादेव असावा, सोडवणारा लिंगो असावा, यातली धर्मचिकित्सा आपल्या अभ्यासकांनी अजून नीट उकललेली नाही. हिंदू देव गाण्यात घुसले म्हणून ते गाणे बाटले असे म्हणणारे आहेत. मी म्हणतो, देव कोणत्या कामावर आहेत ते पाहा. ते पहाऱ्यावर आहेत.

१८७१ साली कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक निघाले. फोर्सिथ जंगलखात्यात काम केलेला, निमाडचा जमाबंदी अधिकारी. त्याने हेच गाणे घेतले, कापून छोटे केले, लिंगोला 'सेंट' केले आणि चाल लावली ती हायवाथाची. ही चाल लाँगफेलोनेही फिनलंडच्या लोककाव्यावरून उचललेली. म्हणजे फिनलंडचा सदरा बोस्टनमार्गे गोंडाच्या अंगावर चढला. वाचायला गोड लागते, हे कबूल. पण त्याच पुस्तकात फोर्सिथ जंगल तोडून, जाळून राखेत पेरणाऱ्या आदिवासीला सागवानाचा नाश करणारा ठरवतो. एका प्रकरणात भावांनी झाडे तोडून शेत केले ते काव्य, दुसऱ्या प्रकरणात तेच कृत्य नासधूस! या विसंगतीला मी लेखकाचा दोष म्हणत नाही. ती राज्य करण्याची रीत आहे. गाणे संग्रहात ठेवायचे आणि गाणाऱ्याला जंगलाबाहेर. माझ्या माडिया विद्यार्थ्याला उत्तर इथे मिळते. हायवाथा निघून जातो, कारण तो गेल्याशिवाय त्याच्यावर इतके सुंदर काव्य लिहिता येत नाही.

न्यू इंग्लंडमध्ये हे आधी घडून गेले होते. जॉन एलियटने १६६३ साली तिथल्या इंडियनांच्या भाषेत संपूर्ण बायबल छापले. त्या छापखान्यात निपमक जमातीचा एक तरुण काम करी. त्याला नाव पडले जेम्स प्रिंटर, म्हणजे छपाईवाला जेम्स. इतके करून १६७५ साली लढाई पेटली तेव्हा ख्रिस्ती झालेल्या इंडियनांना डियर बेटावर नेऊन ठेवले, आणि थंडी-उपासाने त्यांतले कित्येक मेले. धर्म बदलला, भाषा छापली गेली, पण जमिनीच्या हिशेबात ते इंडियनच राहिले. आपणही १६ ऑक्टोबर १९५६ ला याच चांद्यात बाबासाहेबांच्या हातून धम्म घेतला. तो कोणी मोहोरेवर लिहून आपल्या तोंडी घातलेला नव्हता, आपण मागून घेतलेला होता, हा फरक मोठा आहे. पण जमिनीचा हिशेब आपलाही राहूनच गेला.

इतके लिहून थांबलो असतो तर दोष सगळा साहेबावर टाकून मोकळा झालो असतो. माझे पणजोबा मालगुजारी गावचे कोतवाल होते. जंगलगुन्ह्याचे समन्स गोंडांच्या टोल्यावर तेच नेऊन देत, असे आजी सांगायची. आणि परत येताना गोंड त्यांना मोहाची दारू नव्हे, पाणीही विचारत नसत. गोंड महाराचा विटाळ मानी आणि महार गोंडाला रानटी म्हणे. आपल्या कवितेत आदिवासी येतो तो तीर-कामठा घेऊन, एकलव्य होऊन, बिरसा होऊन. एटापल्लीचा, भाषा गोंडी, जात प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालणारा, असा तो क्वचितच येतो. आपणही त्याला चाल लावतो, फक्त ती हायवाथाची नसते. १९७९ साली भद्रावतीला आदिवासी साहित्य संमेलन भरले आणि पुढे वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम यांनी स्वतः लिहायला घेतले, तेव्हा आपल्यातल्या काहींना प्रवाह फुटल्याचे दुःख झाले होते. मला ते दुःख समजत नाही.

गडचिरोलीत २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा (लेखा) गावाला २००९ साली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ते गाव आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यावर विकू लागले. माझे वडील ज्या बांबूची मजुरी मोजून घेत, त्याचा भाव आता एक ग्रामसभा ठरवते. 'जादा पडीक' या शब्दाला दीडशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर मला कोणत्याही काव्यसंग्रहाइतकेच समीक्षेचा विषय वाटते.

गाण्याचे उत्तर अजून बाकी आहे. गेल्या उन्हाळ्यात जिवती भागात एका म्हाताऱ्या प्रधानाकडे गेलो होतो. टेंपलच्या छापील गोंडी ओळी मी मोठ्याने वाचल्या. माझ्या उच्चारावर ते हसले, दोन ठिकाणी थांबवून दुरुस्त केले, आणि एका जागी म्हणाले की इथे पुष्कळ गाळले आहे. मी खिशातून मोबाईल काढला तेव्हा किंगरीवर कापड टाकून त्यांनी विचारले, "हे कुठं जाते मंग, सर? कोनाच्या नावानं?" मी तुमच्याच नावाने म्हणालो. ते म्हणाले, लिहून आणा. कागद तयार आहे. पावसाने रस्ता उघडला की जायचे आहे.