पितरांचे देणे

घरातील मृतांस घरातच जागा द्यावयाची, ही चाल एकाच देशाची नव्हे. व्हिएतनाममध्ये राहत्या घरात पूर्वजांची वेदी असते; तेथे धूप व फळे ठेवितात, आणि मृताच्या वार्षिक तिथीस सारे कुटुंब एकत्र जेवते. आपल्याकडे कित्येक देव्हाऱ्यांत देवांच्या टाकांशेजारी वाडवडिलांचेही टाक पुजले जातात, व भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांस पान वाढले जाते. अक्कलकोट तालुक्यातील दुधनीसारख्या सीमेवरच्या गावी तर श्राद्ध करणारी घरे आणि मृतास लिंगैक्य मानून श्राद्धाची गरज न मानणारा लिंगायत संप्रदाय शेजारी शेजारी नांदतात. मग पितरांचे ऋण फिटते तरी कशाने?

या प्रश्नाचे मार्मिक विवेचन आम्हांस एखाद्या धर्मनिबंधात नव्हे, तर श्री. महेश एलकुंचवार यांच्या १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात आढळते. विदर्भातील देशपांडे घराण्याचे तात्याजी वारले आहेत. मुंबईहून सुधीर येतो, आणि लवकरच बोलणे निघते ते तेराव्याच्या खर्चाचे. घराण्यास शोभेलसे कार्य झाले पाहिजे, हा थोरल्या भास्कराचा आग्रह. वाडा खचत आहे, दारी ट्रॅक्टर गंजत पडला आहे. परंतु लौकिक मात्र उभा राहिला पाहिजे!

नाटककाराने येथे श्रद्धेची थट्टा केलेली नाही, हे ध्यानात ठेविले पाहिजे. त्यांचा कटाक्ष निराळा आहे. प्रभेचे शिक्षण वडिलांच्या हट्टापायी खुंटले. चंदू मुकाट्याने घरचे कष्ट उपशीत राहिला. ज्यांनी लेकीस पुढे जाऊ दिले नाही त्यांच्या नावे पंगती उठावयाच्या, आणि त्या लेकीच्या उद्याचा विचार कोणी करावयाचा नाही! कोणासही खलपुरुष न ठरविता हा विरोध उभा करणे, हे या नाटकाचे खरे यश होय.

आमची तक्रार एवढीच की, विखुरलेल्या भावंडांस एका पंक्तीस बसविणारी पितृस्मरणाची दुसरी बाजू येथे ओझरतीच येते. व्हिएतनामी वेदीचा काय, आपल्या टाकाचा काय, खरा अर्थ त्याच बाजूस आहे. तरीही पितृपक्षात देव्हाऱ्यातील टाक उजळणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने हे नाटक अवश्य वाचावे, आणि आपल्या घरात एखादी प्रभा कोपऱ्यात बसून नाही ना, हे आधी पाहावे. तिचे देणे राहिले असेल तर पितरांचे फिटले असे आम्हांस म्हणवत नाही.