वर्षभरात वाचलेली तीन पुस्तकं

या वर्षात वाचलेली तीन पुस्तकं तुमच्यापुढं ठेवतो.

बाबूराव बागूलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३). शीर्षककथेत जात कळताच नायकाला मार पडतो. पण कथा रडत नाही, गुन्हेगार कोण ते दाखवते. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८). गावकुसाबाहेरचं नि मुंबईतलं जिणं काही न झाकता सांगितलंय.

तिसरं बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६). फलटणच्या या बाईनं नवऱ्याच्या चोरून लिहिलं. गावानं महारांना छळलं, ते त्यात आहेच. पण महारवाड्यात सुनेचा जाच कसा झाला, तेही आहे. स्वतःच्या संसाराबद्दल मात्र बेबीताई फार थोडं बोलतात. ती उणीव बोचते, आणि तिचं कारणही कळतं.

काही कार्यकर्ते म्हणतात, घरचं चव्हाट्यावर कशाला? हीच कुरकूर ‘बलुतं’वरही झाली होती. अरे, १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागं अडवलेलं हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतं. मग आपल्याच घरात डोकवायला आपण का भ्यायचं?

पुढच्या बैठकीत हे पुस्तक मोठ्यानं वाचा. आयाबहिणींना मागं नाय, पुढं बसवा.