‘डिस्ट्रॉय’ म्हणजे नेमकं काय?

आभासी यंत्रं हाताळणाऱ्या दोन साधनांत एकच आज्ञा आहे, ‘डिस्ट्रॉय’. ‘विर्श’मध्ये तिचा अर्थ चालू यंत्राची वीज अचानक तोडणं; डिस्क शाबूत राहते. ‘व्हेग्रंट’मध्ये मात्र यंत्र डिस्कसकट जातं. आधी ते विचारतं, ‘नक्की डिस्ट्रॉय करायचं?’ आता गंमत बघा: ज्या शब्दानं घोटाळा होतो, तोच शब्द प्रश्नात. ‘विर्श’ची सवय असलेला माणूस बिनधास्त ‘हो’ म्हणणार. विदा जाणार, दोष त्याच्या माथी.

आपल्या डेक्कन कॉलेजात १९४८पासून संस्कृत महाकोशाचं काम चालू आहे. कोशात एका शब्दाचे दोन अर्थ शेजारी असतात, वाचक सावध होतो. काळ्या पडद्यावर तो शेजार नसतो.

‘सेफ’ ही साठवण-प्रणाली तर साठा पुसताना त्याचं नाव दोनदा लिहायला लावते, वर ‘खरंच, खरंच’ असं वदवून घेते. हात थांबतो, हे चांगलंच. पण शपथ दोनदा घेतल्यानं समज वाढते का? ओळ टिपणातून चिकटवली की संपलं.

साधन सुधारायचं तर त्यानं परिणाम सांगावा: ‘या दोन डिस्क जातील, परत मिळणार नाहीत.’ मग ‘हो’ला संमती म्हणता येईल.