आवाज रज्जूंचा की शिट्टीचा?

‘स्वररज्जू कंप पावतात व आवाज निर्माण होतो,’ असे आपण वर्गात सांगतो. ऑनिकोमिस या रानउंदराच्या स्वरयंत्रावरील ब्रेट पॅश, इसाओ टोकुडा व टोबायस रीड यांचा २०१७ सालचा शोधनिबंध वाचल्यावर हे वाक्य आम्हाला अपुरे वाटू लागले.

उत्तर अमेरिकेच्या वाळवंटी भागातला हा उंदीर शिकार करून खातो. दूरवर पोचणारी त्याची हाक माणसालाही ऐकू येते. जोडीदाराजवळ मात्र तो श्राव्यातीत आवाज काढतो. एकाच स्वरयंत्रातून हे दोन्ही कसे? संशोधकांनी हे आवाज हेलियम व ऑक्सिजनच्या मिश्रणात नोंदवले. या मिश्रणात ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे शिट्टीची मूळ वारंवारता बदलते, कंप पावणाऱ्या ऊतीची बदलत नाही. श्राव्यातीत आवाजाची मूळ वारंवारता बदलली. हाकेत बदलली ती वरच्या संवादी स्वरांची तीव्रता. म्हणजे पहिला आवाज शिट्टीचा, दुसरा रज्जूंचा.

हा पुरावा आम्हाला भक्कम वाटतो. स्वररज्जूच्या कडेचा पडदा हाकेला मदत करतो, आस्तराखालचा पातळ थर उंच स्वर शक्य करतो, ही विधाने मात्र शरीररचना व गणिती प्रतिमान यांवरून केलेली अनुमाने आहेत. ती पटण्यासारखी आहेत, पण प्रयोगाच्या तोडीची नाहीत. ऊतीचा छेद रचना दाखवतो, कार्य सुचवतो. आकृतीला नावे देऊन घेतली की कार्यही शिकवून झाले, असे मानणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हा फरक विसरू नये.