नव्ह्याचा वेढा : बर्टनच्या वृत्तान्ताचें परीक्षण

मेजर आर. जी. बर्टन यांचा हैदराबाद कंटिंजंटचा इंग्रजी इतिहास १९०५ सालीं कलकत्त्यास छापला गेला. निजामाच्या पैशानें पोसलेली व इंग्रज अंमलदारांच्या हुकमतींत वागणारी ही फौज हिंगोली, एलिचपूर, औरंगाबाद, मोमिनाबाद, बोलारम वगैरे छावण्यांतून जवळजवळ शतकभर नांदली आणि १९०३ सालीं हिंदी लष्करांत मिळून गेली. तेव्हां हा ग्रंथ म्हणजे एका संपलेल्या फौजेचें तिच्याच एका अंमलदारानें केलेलें तर्पण आहे. तर्पणांत पितरांचे दोष काढावयाचे नसतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवूनच तो वाचला पाहिजे. ग्रंथकारानें पुढें वाघांच्या शिकारीवरहि पुस्तकें लिहिलीं आणि त्यांतील रान बहुतेक हेंच दख्खनचें रान आहे.

१८१९ च्या जानेवारींत नोवसाजी नाईक या हटकर सरदाराच्या नव्ह्याच्या गढीस पडलेला वेढा हें या ग्रंथांतील एक ठळक प्रकरण होय. नव्हा आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, हदगांवच्या बाजूस पडतें. परंतु हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा निघाला. १८१९ सालीं या रेघा नव्हत्या. पैनगंगेच्या दोहों कांठांस, हिंगोली-कळमनुरीपासून उमरखेड-हदगांवापर्यंत, नाइकांचा एकच मुलूख होता. हिंगोलीस छावणी पडली ती याच सुमारास, आणि आमच्या मतें ती या नाइकांवर नजर ठेवण्यासाठींच मुख्यतः पडली.

लढाईची हकीकत थोडक्यांत अशी. पेशवाई १८१८ सालीं बुडाल्यावर मेजर पिटमन यांच्या हाताखालीं फौज नव्ह्यावर चालून गेली. ८ जानेवारीस वेढा बसला. मोर्चे पुढें सरकवीत, तोफांनीं तट पाडीत तेवीस दिवस गेले आणि ३१ जानेवारीस हल्ला होऊन गढी पडली. आंतील शिबंदी सुमारें पांचशें; तींतील चारशेंवर माणूस मारला गेला. हल्ला करणारांचे ठार व जखमी मिळून दोनशेंच्या आसपास. पांचांतील चार माणसें ज्या गढींत मरतात तेथें लढाईच्या अखेरीस काय झालें असेल, याची कल्पना वाचकांनीं करावी. सरकारी खलित्यावर विसंबणाऱ्या ग्रंथकाराच्या लेखणीला तेथें थांबावेंसें वाटत नाहीं.

आमचा पहिला आक्षेप या आंकड्यांच्या मांडणीवर आहे. कंपनीच्या खलित्यांची रीत अशी कीं, गोरा अंमलदार पडला किंवा जखमी झाला तर त्याचें नांव व हुद्दा यावयाचा. हिंदी शिपाई पडला तर तो बेरजेंत जावयाचा. बर्टनसाहेबांनीं ही रीत जशीच्या तशी उचलली आहे. शत्रूचें नांव नाहीं हें समजूं शकतें. परंतु तटाच्या खिंडारांत जो शिपाई पुढें शिरला, ज्याच्या प्राणावर हा विजय उभा राहिला, त्याचेंहि नांव त्याच्याच फौजेच्या इतिहासांत नाहीं. इतिहास कोणाचा, असा प्रश्न येथें सहजच उत्पन्न होतो.

यावर कोणी म्हणेल कीं, तो काळच तसा होता. तें खरें नाहीं. नव्ह्याच्या आधीं एकच वर्ष, १ जानेवारी १८१८ रोजीं, भीमेच्या कांठीं कोरेगांवची लढाई झाली. तेथें कंपनीनें जो स्तंभ उभारला त्यावर पडलेल्या हिंदी शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. म्हणजे नांवें टिपण्याची व तीं दगडावर घालण्याची कल्पना त्या काळीं होती. भेद होता तो फौजेच्या दर्जाचा. कोरेगांवचे शिपाई कंपनीच्या मुंबई फौजेचे. पिटमनचे शिपाई कागदोपत्रीं निजामाचे, हुकमाला इंग्रजांचे. पगार एकाचा, कीर्ति दुसऱ्याची, आणि मेल्यावर स्मरण कोणाचेंच नाहीं. या फौजेच्या खर्चापायीं निजाम कर्जांत बुडाला व १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं करावा लागला, हें लक्षांत घेतलें म्हणजे नव्ह्याच्या शिपायांना एक दगडहि मिळूं नये याचें अधिकच वाईट वाटतें.

शिपायास वैयक्तिक मान देण्याचें साधन तेव्हां नव्हतें, हें मात्र मान्य केलें पाहिजे. हिंदी शिपायांसाठीं ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ कंपनीनें काढली ती १८३७ सालीं. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांस खुला झाला तो १९११ सालीं. १८१९ चें शौर्य माणसाच्या छातीवर जाऊं शकत नव्हतें. तें पलटणीच्या निशाणावरच जाऊं शकत होतें. तसें तें गेलें. ‘नव्हा’ हा शब्द इंग्रजी वळणानें ‘नोवा’ होऊन रणसन्मान म्हणून या फौजेच्या पलटणींस मिळाला. १९२२ सालीं त्यांच्या १९ व्या हैदराबाद रेजिमेंटकडे तो आला. हीच रेजिमेंट १९४५ सालीं कुमाऊं रेजिमेंट झाली.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक फेरा आला. परक्या सत्तेनें हा देश जिंकतांना जे रणसन्मान दिले ते राष्ट्रीय भावनेस विपरीत म्हणून पाळूं नयेत, असें भारतीय लष्करानें ठरविलें, आणि ‘नव्हा’ त्यांत गेला. हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. आपल्याच मुलखांतील गढी पाडल्याचा उत्सव स्वतंत्र देशाच्या पलटणीनें कां करावा? परंतु निशाणावरून शब्द उतरवितांना त्या शब्दाखालीं झांकलेला शिपाईहि विस्मरणांत गेला, ही गोष्ट कोणाच्या मनांत आलेली दिसत नाहीं. आधीं त्याचें नांव नव्हतें, पण निदान त्याच्या लढाईचें तरी होतें. त्याच वंशावळींतील ४ थ्या कुमाऊं पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं काश्मिरांत बडगाम येथें पडले आणि परमवीरचक्राचे पहिले मानकरी झाले. त्यांचें नांव, त्यांची कंपनी, हाताला प्लास्टर असतांना ते कसे लढले, हें सारें देशास ठाऊक आहे व तें तसें असलेंच पाहिजे. त्याच वंशावळीच्या मुळाशीं असलेल्या नव्ह्याच्या शिपायाबद्दल एक गांवहि आपणांस सांगतां येत नाहीं.

आतां तटाच्या आंतील माणसांविषयीं. बर्टनसाहेबांच्या भाषेंत नाईक म्हणजे बंडखोर, लुटारू. हा शब्द त्यांनीं तपासून पाहिलेला नाहीं. ऐन-इ-अकबरींत बासीमच्या (म्हणजे वाशीमच्या) परिसरांतील हटकरांचा उल्लेख आहे. तेथेंहि त्यांस गर्विष्ठ व अनावर म्हटलें आहे, आणि त्यांचे हजार स्वार व पांच हजार प्यादे मोजले आहेत. दिल्लीच्या दरबारास जे सोळाव्या शतकांत मोजावे लागले ते १८१९ त एकाएकीं लुटारू कसे झाले? नवी सत्ता येते तेव्हां जुन्या हक्कदाराचें नांव बंडखोर पडतें, हें दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं.

परंतु दुसऱ्या बाजूचीहि चूक येथें दाखविली पाहिजे. अलीकडे नोवसाजी नाइकाचें स्मरण मोठ्या उत्साहानें होतें, आणि ‘गढींत चारशें हटकर वीर पडले’ असें सर्रास लिहिलें जातें. इंग्रजी वृत्तान्तांवरून पाहतां शिबंदींत भरणा अरबांचा होता. हद्रमौतांतून आलेले हे अरब त्या काळीं मराठे सरदार, निजाम व नाईक या सर्वांच्या पदरीं गढ्या राखीत असत, आणि मेलों तरी गढी सोडणार नाहीं अशी त्यांची ख्याति होती. नाइकासाठीं जे मेले त्यांत हटकर किती व अरब किती, याचा निवाडा उत्साहानें होणार नाहीं. जो परदेशी माणूस नाइकाचें मीठ खाऊन नाइकाच्या तटावर मेला त्याला नाइकाच्याच स्मरणांतून वगळणें हें नाइकासहि रुचलें नसतें, असें आम्हांस वाटतें. बर्टननें शिपायाला बेरजेंत लोटलें. आपण अरबाला बेरजेंतूनहि काढूं नये.

हटकरांत रणांत पडलेल्याचा मान करण्याची स्वतंत्र रीत होती. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांतील माहितीप्रमाणें, लढाईंत किंवा शिकारींत मेलेल्यास अग्नि देत. इतरांस मांडी घालून बसवून पुरत. म्हणजे कोण कसा मेला हें ज्या समाजांत देहाच्या शेवटच्या संस्कारावरूनच कळे, त्याचीं माणसें नव्ह्यांत पडलीं. मराठवाड्यांतील वीरगळांवर तळच्या पट्टींत झुंज, मधल्या पट्टींत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा व माथ्यावर चंद्रसूर्य असतात. त्यांतल्या बहुतेकांवर अक्षर नसतें. पण गांव त्या दगडाला शेंदूर लावतें आणि अमक्या घराण्याचा म्हणून ओळखतें. अशी ओळख इंग्रजी खलित्याच्या आंकड्याला कधींच लाभत नाहीं.

तेव्हां या विषयाचा पुढील शोध बर्टनच्या पानांतून होणार नाहीं. तो दोन ठिकाणीं केला पाहिजे. एक, फौजेच्या हजेरीपटांत व मृत शिपायांच्या वारसांस मिळालेल्या नेमणुकींच्या कागदांत. कारण वारसास पैसे द्यावयाचे तर शिपायाचें, बापाचें व गांवाचें नांव लिहिल्यावांचून खजिना देत नाहीं. खलित्यानें जें गाळलें तें हिशेबनिसानें ठेवलें असण्याचा संभव आहे. दुसरें, देशमुख-देशपांडे व नाईक घराण्यांच्या दप्तरांत. हिंगोली, कळमनुरी, औंढा, सेनगांव, वसमत, तसेंच हदगांव व उमरखेड या भागांतील ज्या घराण्यांत शके १७४० व १७४१ चे मोडी कागद असतील, त्यांनीं ते पाहूं द्यावे किंवा त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. फाटका, वाळवीनें खाल्लेला, अर्धाच उरलेला कागदहि चालेल. त्यावर एकच नांव असलें तरी तें या त्रैमासिकांत, मिळेल त्या स्वरूपांत, छापलें जाईल.